डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दिली

लुहेंदेने काचेची बाटली खिडकीतून आत सरकवली खरी, पण सोडली नाही. आतून डॉक्टर तातू पाझीने ती धरली, ओढली, तरी बाहेरची बोटं ढिली होईनात. बाटलीभोवती बायकोच्या जुन्या खांग्याची, अंगावर गुंडाळायच्या रंगीत कापडाची, चिंधी बांधलेली, आणि आत, औषधी पाण्यात, त्याच्या मूत्राशयातून सकाळीच खुडलेला उडदाएवढा तुकडा.

"सोडा," तातू म्हणाली.

"तू कुठली?"

"प्रयोगशाळेतली."

"ते दिसतंय. माणसांतली कुठली?"

"किसारावेची. समुद्राकडची. झारामो."

म्हाताऱ्याचा सुकलेला चेहरा पाणी मारल्यासारखा उजळला. मागे ओळीत उभ्या असलेल्या लोकांकडे वळून त्याने मोठ्याने हळहळ केली. "ऐकलंत? झारामो! संपलं. माझं मांस आता नारळाच्या रश्श्यात जाणार."

तातूने बाटलीवरचं नाव वाचलं. लुहेंदे. सुकुमा जमातीचा, आणि तोही खेड्यातला.

"तरीच म्हटलं, बाटलीला शेणाचा वास कसा," ती म्हणाली. "सोड, गुलामा. तुझ्या पणजोबाला माझ्या पणजोबाने एका नारळाला विकत घेतलं होतं."

"अर्ध्या नारळाला. उरलेला अर्धा परत मागायला आलोय, बटके."

आणि त्याने बाटली सोडली.

ओळीतल्या कुणालाच यात वावगं वाटलं नाही. सुकुमा आणि झारामो या दोन जमातींची ही थट्टेची सोयरीक फार जुनी. सुकुमांचे वाडवडील हस्तिदंताचे भारे डोक्यावर घेऊन समुद्राकडे पायी जायचे आणि वाटेत झारामोंच्या अंगणात पाठ टेकायचे. तेव्हाच कधीतरी ठरलं म्हणे, की आपलं युद्ध यापुढे तोंडानेच व्हायचं. तिकडे याला उतानी म्हणतात. सोयऱ्याने काहीही बोलावं, राग मानणारा मूर्ख. घरात माणूस गेला तरी सोयरा येतो, खड्ड्याशी आडवा पडतो, मेलेल्याच्या चालीची नक्कल करतो, रडणाऱ्यांना हसवतो आणि जाताना हक्काची कोंबडी काखोटीला मारतो. रोज उठून अदबीने वागायला जग पडलेलं असतंच.

"एक अट आहे," लुहेंदे खिडकीत वाकला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "सर्जन म्हणतो मूत्राशय काढायचं. तो सुरीवाला, तो सुरीच चांगली म्हणणार. माझी मिन्झा नुसती रडते, आणि माझ्यामागे सगळ्यांना सांगते, ह्याला काही कळू देऊ नका. तू माझी सोयरी. तुला माझी दयामाया नाही. तू बघ त्या तुकड्यात काय आहे ते, आणि माझ्या तोंडावर सांग. मरणारच असेन, तर पोट फाडून घेणार नाही. सुगीनंतरच्या नाचात उभा राहीन आणि तिथून जाईन. जगणार असेन, तर मूत्राशय घ्या बापडे. माझ्यापाशी दुसरंही बरंच सामान आहे."

"सांगेन की. हसत हसत सांगेन," तातू म्हणाली. "आणि कोंबडी आधी घेईन."

लुहेंदे म्हणजे काही साधा असामी नव्हता. तिकडच्या मोठ्या सरोवराच्या दक्षिणेला सुगीनंतर नाचाचे दोन पंथ एकाच मैदानात एकमेकांसमोर उभे राहतात, आणि ज्याच्याकडे गर्दी जास्त तो जिंकतो. लुहेंदे अजगर घेऊन नाचायचा. अजगराचं नाव सासूबाई. खरी सासू जिवंत होती तेव्हापासूनचं हे नाव, आणि ती बाई हे नाव ऐकून आनंदाने वारली असं लुहेंदे सांगे. मिन्झाचं म्हणणं वेगळं होतं. एका सुगीला समोरच्या पंथाच्या बुलुगूने माणसाळवलेला तरस आणला आणि सगळी गर्दी तिकडे गेली. लुहेंदेने काही केलं नाही. सासूबाईंना डोक्यावर पागोट्यासारखं गुंडाळलं आणि एक मोठी जांभई दिली. सासूबाईंनीही दिली. ते बघायला गर्दी अशी लोटली, की मैदान एका अंगाला कललं आणि बुलुगूचे ढोल गडगडत लुहेंदेच्या पायाशी आले. तरसही आला म्हणतात. खरं-खोटं सासूबाईंना ठाऊक.

तपासणीसाठी लागणारं रसायन दूर देशाहून बर्फात घालून येतं. ते येईपर्यंत लुहेंदे शहरातल्या भाच्याकडे राहिला आणि येता-जाता खिडकीत डोकावत राहिला. रोज नवी गोष्ट, रोज नवी शिवी.

"झारामो जमीन विकतो आणि ढोल विकत घेतो. मग ढोल वाजवायला जागा नाही म्हणून रडतो."

"सुकुमा मक्याच्या उगालीचा गोळा एवढा मोठा करतो की त्याच्या सावलीत गुरं बसतात."

"बसतातच. माझी बसतात. तुला काय, नारळाला सावली असते का?"

हसता हसता तो मध्येच थांबायचा, भिंतीला धरून संडासाकडे जायचा, आणि परत येताना त्याच्या कपाळावर घाम असायचा. लहानपणी भाताच्या खाचरात उभं राहून त्याने आपल्या गावच्या प्रत्येक पोराप्रमाणे पाण्यातली, मूत्राशयात घर करणारी अळी अंगात घेतली होती. पोरांची लघवी लाल व्हायची. तेव्हा ते मिसरूड फुटल्यासारखं मानत, एकमेकांना दाखवत. त्या फुशारकीचा हिशेब मूत्राशयाने म्हातारपणी मांडला होता.

रसायन आलं. तातूने मेणात बसवलेला तो तुकडा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापला, काचेवर पसरला आणि कामाला लागली. कर्करोग आहे, हे साध्या रंगातच दिसलं होतं. तो कसा आहे, घाईचा की दमाचा, हे त्या रंगाला सांगता येत नाही. त्यासाठी ती दोन प्रथिनांच्या मागावर होती. पहिलं प्रथिन पेशी फुटून दोन व्हायच्या बेतात असली की तिच्यात दिसतं. ते जितक्या पेशींत, तितकी रोगाला घाई. दुसरं पहारेकरी. बिघडलेल्या पेशीला अडवणं हे त्याचं काम. हा पहारेकरी स्वतःच नासला, की काम करत नाही आणि जागाही सोडत नाही, पेशीच्या गाभ्यात नुसता साचून राहतो. रसायन नेमकं त्या त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तिथे तपकिरी डाग उमटतो. काच सगळी तपकिरी झाली, तर सर्जनच्या मते या वयात पोट फाडण्यात अर्थ नव्हता.

असल्या तपकिरी काचा तातूने पुष्कळ पाहिल्या होत्या. या खाचरांकडची माणसं उशिरा येत, आणि त्यांच्या काचा भाजलेल्या शेंगदाण्यांनी भरलेल्या परातीसारख्या दिसत. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि काच हळूहळू सरकवली. निळसर, म्हणजे डाग नसलेलं, पुन्हा निळसर. एक तपकिरी. पुन्हा निळसर. ती कडेपर्यंत गेली, परत आली. मग दुसरी काच. पहारेकरी कुठेच साचलेला नव्हता. पडताळ्यासाठी शेजारी मुद्दाम ठेवलेला, रोग माहीत असलेला तुकडा ठसठशीत तपकिरी झाला होता, म्हणजे रसायन झोपलेलं नव्हतं. मग तिला कुणी ऐकत नसताना मोठ्याने हसू आलं. "गुलामा," ती काचेला म्हणाली, "तुझा रोगसुद्धा तुझ्यासारखाच आळशी."

हेच ती त्याला म्हणणार होती. शब्द ठरवूनही ठेवले होते.

पण तो आला त्या सकाळी इस्पितळात राजधानीचे पाहुणे फिरत होते. कर्मचारी रुग्णांशी, त्यातून वडीलधाऱ्यांशी, नीट बोलतात की नाही, हे तपासायला. आठवडाभर सगळ्यांना तंबी मिळाली होती. टाय लावलेले एक गृहस्थ नेमके तातूच्या पाठीशी उभे, आणि समोर दारात लुहेंदे, टोपी हातात घेऊन.

"या, बाबा," तातू म्हणाली. "बसा ना." आणि तिने खुर्ची पुढे केली.

लुहेंदे खुर्चीकडे बघत राहिला.

"तपासणी चांगली आली आहे बरं का. दोन्ही खुणा कमी आहेत. रोग मंद आहे आणि एका जागी आहे. ऑपरेशनचा चांगला उपयोग होईल. काही काळजी करू नका. चहा घेणार?"

टायवाल्या गृहस्थांनी समाधानाने मान डोलावली. लुहेंदे खुर्चीच्या कडेला बसला, चहा घेतला, कप दोन्ही हातांनी परत दिला.

"देव तुझं भलं करो, पोरी," तो म्हणाला, आणि गेला.

तातूला तेव्हा पाहुण्यांची घाई होती.

ऑपरेशनच्या दिवशी लुहेंदे आला नाही. फिरता सर्जन या खेपेला आठवडाभरच शहरात असणार होता, त्याने दुसऱ्या रुग्णाला टेबलावर घेतलं आणि हात धुता धुता तातूला म्हणाला, "तुमचा अजगरवाला पळाला वाटतं. शुक्रवारची जागा आहे अजून. त्यानंतर मी नाही." भाच्याला विचारलं, तर तो डोळे पुसत म्हणाला, "मामा गावी गेला. निरोप घ्यायला. तुम्हीच त्याला सांगितलंत ना?"

"मी? मी तर चांगलं सांगितलं!"

"हो, फार चांगलं बोललात म्हणे. मामा म्हणाला, माझ्या सोयरीने मला खुर्ची दिली. त्यापुढे माणसाला अजून काय सांगायचं?"

तातूने पांढरा कोट खुंटीला टांगला आणि रस्त्यावर येऊन मोटारसायकलवाल्याला हाक मारली.

म्वाबुसालू गाव काळ्या शिळांच्या ढिगाऱ्यांमध्ये आहे. एकावर एक रचलेल्या त्या शिळा अशा, की शिंकलं तर पडतील असं वाटतं, आणि लुहेंदे सांगे की त्याच्या आज्याच्या शिंकेने एक पडलीही होती. सगळ्यात मोठ्या शिळेच्या सावलीत गाव जमलं होतं. मधोमध तो बसलेला, स्वच्छ सदऱ्यात. गुरं वाटून झाली होती. नाचाचं पागोटं पुतण्याच्या हातात होतं. आणि बुलुगू, जन्माचा वैरी बुलुगू, मांडीवर मोठी टोपली घेऊन रडत होता. टोपलीत सासूबाई होत्या.

कुणी ओरडत नव्हतं, कुणी कुणाला टोचत नव्हतं. सगळं गाव एकमेकांशी गोड बोलत होतं, आणि ते ऐकून तातूच्या अंगावर काटा आला.

मिन्झा पुढे आली. बारीक चणीची, ताठ बाई. "तुम्ही होय," ती म्हणाली. "मी सगळ्यांच्या पाया पडले होते, त्याला कळू देऊ नका म्हणून. तुम्ही एका खुर्चीत सगळं सांगून टाकलंत."

"मावशी, तसं नाही—"

"पाणी घ्या. लांबून आलात."

तातू लुहेंदेसमोर बसली आणि समजावू लागली. प्रथिनं, काचा, पहारेकरी. तिने मूठभर तांदूळ मागून घेतले, तळहातावर पसरले, त्यात चार लाल दाणे टाकले. एवढेच, बघा, एवढेच तपकिरी होते. लोक मान हलवत होते, लहान मुलाची समजूत घालणाऱ्याकडे बघावं तसे तिच्याकडे बघत होते. लुहेंदेने सगळं ऐकून घेतलं.

"फार त्रास घेतलास, डॉक्टर," तो मृदूपणे म्हणाला. "जेवून जा. रस्ता वाईट आहे."

आणि तेव्हा तातूला कळलं, की पुराव्याने इथे काही होणार नाही. ती उठली. तांदूळ तिने त्याच्या स्वच्छ सदऱ्यावर फेकले.

"जेवून जा म्हणे! काय जेवू? गुरं वाटून टाकलीस, म्हाताऱ्या! मी एवढी हाडं खिळखिळी करून मयताची कोंबडी न्यायला आले, तर प्रेत टुकटुक बघतंय! असलं नाटकी प्रेत आम्ही झारामो समुद्रात टाकत नाही, मासे आजारी पडतात!"

कुणीतरी श्वास आत घेतला. लुहेंदेची मान वर झाली.

"अजगराचा रोग अजगरासारखाच," तातू कमरेवर हात ठेवून सुटली. "गिळतो आणि झोपतो! तुझ्या पोटात आळशी सुकुमा बसलाय, दोन वेळा उगाली खाऊन. त्याला काढायला सर्जन सुरी परजून बसलाय, आणि हा इथे स्वतःच्याच मयताला आलेला पाहुणा! गुलाम पळून गेला तर आमच्यात त्याला शोधून आणतात. चल, ऊठ!"

लुहेंदेचे डोळे बारीक झाले होते. तो तिच्याकडे असा बघत होता, जशी ती काचेकडे बघायची.

"मग खुर्ची का दिलीस?"

"मागे राजधानीचा पाहुणा उभा होता. टाय लावून."

"टायला भ्यालीस?"

"भ्याले," तातू म्हणाली.

"झारामो," लुहेंदे गावाकडे वळला, आणि त्याचा आवाज पायापासून वर चढत आला, "टायला भ्याली! कापडाच्या एका चिंधीला! मी आयुष्यभर गळ्यात अजगर घालून फिरलो, आणि ही—"

पुढचं हशात बुडालं. मिन्झा हसत नव्हती. ती मटकन खाली बसली होती आणि तोंडावर खांगा धरून हुंदके देत होती. बुलुगूने टोपली घाईघाईने लुहेंदेच्या पायाशी ठेवली.

"घे बाबा तुझी सासू. कालपासून माझ्या दोन कोंबड्या गेल्या."

"दोनच? लाजतेय ती अजून," लुहेंदे म्हणाला.

निघण्याआधी तो तातूला शिळेच्या पलीकडे घेऊन गेला. तिथे दोघांनी थट्टा केली नाही.

"आता नीट सांग."

"पोटावर पिशवी राहील. लघवी तिच्यात जमेल, जन्मभर. ऑपरेशन मोठं आहे, तुझं वय झालंय. पण अशा काचा ज्यांच्या असतात, त्यांतले पुष्कळ जण पुढे वर्षानुवर्षं जगतात."

"सगळे नाही."

"सगळे नाही. तू त्या पुष्कळांतला की उरलेल्यांतला, हे काच मला सांगत नाही."

लुहेंदेने मान हलवली, बराच वेळ. "एवढं तरी कळलं. बरं झालं," तो म्हणाला. मग त्याने पोटावर हात ठेवला. "पिशवी नाचताना दिसेल का?"

"दिसेल."

"मग बुलुगू मेलाच. त्याच्याकडे काय आहे? तरस."

शुक्रवारी त्याला ऑपरेशनच्या खोलीकडे नेलं. गाडीवर आडवा, अंगावर हिरवं कापड, पागोटं नाही, अजगर नाही. एवढासाच दिसत होता. दाराशी तातू उभी होती. तिच्याकडे एक ठेवणीतली शिवी तयार होती. पण लुहेंदेनेच हात वर केला. परिचारिकेने गाडी थांबवली.

"डॉक्टर तातू," तो स्वच्छ, शांत आवाजात म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी गावापर्यंत आलात. तुमचे उपकार आहेत."

दार बंद झालं.

तातूच्या तोंडातली शिवी तिथेच राहिली. ती प्रयोगशाळेत गेली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि एकच काच किती तरी वेळ बघत बसली. मग परत आली आणि बाकावर मिन्झाशेजारी बसली. मिन्झाने तिला रताळ्याच्या वाळवलेल्या चकत्या दिल्या. दोघी चघळत राहिल्या.

दुपार कलल्यावर सर्जन बाहेर आला, घामाने डबडबलेला, खूश. "उत्तम झालं. सगळं स्वच्छ निघालं. कापलेल्या कडासुद्धा रोगापासून मोकळ्या वाटतायत. म्हातारा लाकडासारखा चिवट आहे."

"खरंच?" तातूने विचारलं.

"म्हणजे? खरंच."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. तो सगळ्यांशीच अदबीने बोलत असे. त्याच्याकडून काही कळण्यासारखं नव्हतं.

म्हणून ती लुहेंदेच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. नळ्या होत्या, पोटावर पिशवी होती, आणि पिशवीत स्वच्छ पिवळं पाणी थेंबाथेंबाने जमत होतं. यंत्राची रेघ नियमित उड्या मारत होती. सगळ्या खुणा चांगल्या होत्या. तातू खुर्ची समोर असून बसली नाही.

बऱ्याच वेळाने लुहेंदेच्या पापण्या हलल्या. त्याने छताकडे पाहिलं, मिन्झाकडे पाहिलं. मग नजर फिरत फिरत तातूवर आली आणि थांबली. ओठ कोरडे पडले होते. मिन्झाने ओला कापूस लावला. तातू पुढे वाकली.

"हिला," तो कसाबसा म्हणाला, "आत कुणी सोडलं? माझी पिशवी चोरेल. नारळाचं पाणी समजून."

तातूने खुर्ची ओढली आणि पाय पसरून बसली.